भाड्यापोटी चित्र

"मावशी, ज्या हॉटेलात लोक भाडं थकवून राहायचे, तिथे आपण दोन रात्रींचे एवढे पैसे आगाऊ भरलेत!" गाडीतून माझी बॅग उतरवताना भाचा म्हणाला. तो राहतो न्यू जर्सीत, पाऊण तासाच्या अंतरावर. पाहुणीनं हातचं घर सोडून हॉटेलात उतरावं हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. पण माझी सत्तरी झाली म्हणून त्यानं आणि भाचेसुनेनं "काय हवं ते माग" असं म्हटलं होतं आणि मी मागितलं होतं ते हे: न्यूयॉर्कच्या चेल्सी हॉटेलात दोन रात्रींचा मुक्काम.

कलेचा इतिहास शिकवण्यात माझी बत्तीस वर्षं गेली. त्यात चेल्सीचं नाव किती वेळा घेतलं असेल त्याला हिशेब नाही. इथे अमुक कवी राहत होता, इथे तमुक चित्रकार. विद्यार्थी वहीत उतरवून घ्यायचे. पण एका मुलीनं एकदा विचारलेला प्रश्न मनात राहून गेला. ती म्हणाली, "बाई, पण त्यांना तिथे राहणं परवडायचं कसं?" मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. कलेच्या इतिहासात आम्ही शैली शिकवतो, संप्रदाय शिकवतो. घरभाडं शिकवत नाही. तर श्रोतेहो, आजचं हे बोलणं त्या मुलीच्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर समजा.

मॅनहॅटनच्या पश्चिम अंगाला, तेविसाव्या रस्त्यावर, सातव्या आणि आठव्या अ‍ॅव्हेन्यूच्या मध्ये ही लाल विटांची बारा मजली इमारत उभी आहे. दर्शनी भागावर मजल्यामजल्याला लोखंडी सज्जे, त्यांच्या कठड्यांत फुलापानांची नक्षी, आणि हॉटेलच्या नावाची उभी नियॉनची पाटी. दाराच्या दोन्ही बाजूंना पितळी फलक आहेत, इथे राहून गेलेल्या लेखक-कवींच्या नावांचे. भाचा फोटो काढत होता आणि मी विटा बघत होते. मुंबईच्या फोर्टमधल्या इमारतींची आठवण व्हावी असं ते बांधकाम आहे. दोन्हींचा काळही साधारण तोच.

इमारत १८८४ साली उभी राहिली ती मुळी हॉटेल म्हणून नव्हेच. तिचा वास्तुकार फिलिप ह्यूबर्ट जन्मानं फ्रेंच. त्याचे वडील शार्ल फूरिये या विचारवंताच्या पंथातले होते. निरनिराळ्या थरांतल्या माणसांनी एका छपराखाली, एकमेकांच्या आधारानं राहावं असं फूरियेचं स्वप्न. मुलानं ते स्वप्न न्यूयॉर्कच्या व्यवहारी हवेत आणलं आणि भागधारकांच्या सहकारी मंडळाच्या रूपात मांडलं. सगळ्यांनी मिळून जमीन घ्यायची, इमारत बांधायची, तिथे राहायचं आणि काही जागा भाड्यानं देऊन खर्च भागवायचा. आपल्याला हे ऐकून नवल वाटणार नाही, सोसायटीच्या वार्षिक सभेतली भांडणं आपल्या अंगवळणी पडलेली आहेत. पण मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींची सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली ती १९१५ साली. ह्यूबर्टचा हा प्रयोग त्याच्या तीस वर्षं आधीचा.

आणि ह्यूबर्टनं एक गोष्ट फार विचारपूर्वक केली. सर्वांत वरच्या मजल्यावर त्यानं चित्रकारांसाठी स्टुडिओ बांधले. चित्रकाराला उत्तरेचा उजेड लागतो. दक्षिणेकडचं ऊन सरकत राहतं, सावल्या हलवतं, रंग बदलतं. उत्तरेचा उजेड दिवसभर बराचसा एकसारखा असतो. त्या काळात वरचा मजला म्हणजे स्वस्तातला मजला. कलावंत या इमारतीत आले ते नंतर कधीतरी अपघातानं, असं जे सांगितलं जातं ते म्हणून खरं नाही. नकाशा काढतानाच त्यांची जागा धरलेली होती. जाड भिंती, दोन खोल्यांमध्ये आवाज जाऊ नये अशी रचना, आणि इमारतीच्या पोटातून थेट वरच्या काचेच्या छतापर्यंत चढत गेलेला लोखंडी कठड्याचा जिना. हा जिना अजून आहे. त्याच्याबद्दल पुढे सांगते.

सहकाराचं स्वप्न वीसएक वर्षं टिकलं. आर्थिक मंदीचे तडाखे बसले, नाटकांची थिएटरं आणि त्यांच्यामागून प्रतिष्ठित वस्ती शहराच्या वरच्या भागात सरकली, आणि १९०५ साली इमारतीचं हॉटेल झालं. पुढे मोठमोठ्या जागांच्या लहान लहान खोल्या पाडल्या गेल्या. मोठ्या वाड्याची बिऱ्हाडं व्हावीत, तसं. गंमत अशी की घसरगुंडी सुरू झाली तेव्हाच ही इमारत तिच्या खऱ्या नावलौकिकाकडे निघाली. भाडी उतरली, आणि महिन्याच्या महिन्याला किंवा वर्षानुवर्षं राहणारी माणसं येऊ लागली. कादंबरीकार थॉमस वुल्फ आयुष्याच्या शेवटच्या काळात इथे राहत होता. संगीतकार व्हर्जिल थॉमसन १९४० साली आला तो १९८९ साली मरेपर्यंत इथेच राहिला. वेल्श कवी डिलन थॉमस नोव्हेंबर १९५३ मध्ये इथेच आजारी पडला आणि काही दिवसांनी जवळच्या इस्पितळात गेला. मेरिलिन मन्रोशी काडीमोड झाल्यावर नाटककार आर्थर मिलर इथे येऊन राहिला. मराठीत विज्ञानकथा वाचणाऱ्यांना ज्यांचं नाव घरचं वाटतं, त्या आर्थर सी. क्लार्क यांनी '२००१' या चित्रपटाच्या कथेवर काम केलं ते याच इमारतीत. आणि माझा आवडता रहिवासी म्हणजे अल्फियस कोल. व्यक्तिचित्रं काढणारा जुन्या वळणाचा चित्रकार. १८७६ चा जन्म. चेल्सीत वारला १९८८ साली, वयाच्या ११२ व्या वर्षी. त्या वेळी जगातला सर्वांत वृद्ध पुरुष म्हणून त्याची नोंद होती. भोवती पॉप आर्ट आलं, गेलं, रॉक संगीतवाले दारं आपटत राहिले, आणि हा माणूस आपल्या खोलीत शांतपणे म्हातारा होत राहिला.

आता मुख्य माणूस. १९४० च्या दशकात हॉटेल काही हंगेरियन स्थलांतरित कुटुंबांच्या हातात आलं. त्यांतल्या एका भागीदाराचा मुलगा स्टॅन्ली बार्ड. वडिलांच्या पश्चात १९६४ पासून त्यानं कारभार पाहिला, तो २००७ पर्यंत. या बार्डची कीर्ती अशी की तो माणूस पाहून भाडं ठरवायचा. चित्रकार, कवी, वादक म्हटलं की त्याचा हात सैल व्हायचा. भाडं थकलं तर थांबायचा, किती थांबायचं हे मात्र त्याच्या मनावर. आणि थकलेल्या भाड्यापोटी चित्र घ्यायचा, असं सगळं जग सांगतं. तळमजल्याचा दर्शनी दिवाणखाना आणि जिन्याच्या भिंती चित्रांनी भरल्या त्या अशा, ही चेल्सीची सर्वांत लाडकी कथा. ती मीही वर्गात रंगवून सांगत असे. तिच्यात थोडा घोळ आहे, पण ते पुढे.

याच काळात आपला एक माणूस तिथे होता. वासुदेव गायतोंडे. मूळ गोव्याचं घराणं, जन्म नागपूरचा, १९२४ चा, वाढले गिरगावात, शिकले जे. जे. मध्ये. १९६४ साली रॉकफेलर निधीची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला गेले आणि तिथे त्यांचं वास्तव्य चेल्सी हॉटेलात होतं. मी चेल्सीचा हट्ट धरला त्याचं खरं कारण हे. गायतोंडे अत्यंत मितभाषी. त्या शहरातल्या गदारोळाबद्दल त्यांनी फारसं काही लिहून ठेवलं नाही. पण इतकं डोळ्यांसमोर येतं की गिरगावच्या वाडीतला हा माणूस, एकाच्या कामाचा दुसऱ्याला उपद्रव नाही अशा जाड भिंतींच्या इमारतीत, आपला कॅनव्हास समोर ठेवून तासन् तास नुसता बसला असेल. कुणी दार ठोठावलं नसेल. चित्रकाराला याहून जास्त काय हवं असतं?

आणि अशी जागा त्यांना अगदीच नवी नव्हती, हेही सांगायला हवं. मुंबईत वॉर्डन रोडला, समुद्राकाठी, भुलाभाई देसाई यांच्या बंगल्यात त्यांच्या नावाची संस्था होती. १९५० च्या दशकात आणि त्यानंतर काही वर्षं तिथे नाममात्र भाड्यात चित्रकारांना कामाला जागा मिळे. गायतोंडे तिथे काम करत. हुसेन तिथे होते. पंडित रविशंकर यांची संगीतशाळा तिथे चाले, अल्काझींच्या नाटकाच्या तालमी तिथे होत. एका खोलीतून सतार, दुसरीतून टर्पेंटाइनचा वास. तिथे ज्यांची उठबस होती त्यांपैकी काहींना मी म्हातारपणी भेटले आहे. त्या जागेचं नाव काढलं की त्यांच्या चेहऱ्यावर माहेरचं नाव काढल्यासारखा उजेड यायचा. आज तो बंगला नाही. त्या जागी टोलेजंग निवासी इमारत आहे. आपण ती जागा घालवली आणि घालवल्याचं आपल्याला विशेष दुःखही झालं नाही. न्यूयॉर्कच्या लोकांनी निदान १९६६ साली चेल्सीची इमारत शहराचा वारसा म्हणून कायद्यानं जाहीर केली, म्हणून तिच्या विटा तरी शाबूत राहिल्या. विटा राहणं आणि आतली वहिवाट राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खरं. पण आपल्याकडे विटाही राहिल्या नाहीत.

१९६९ च्या उन्हाळ्यात विशीतली दोन मुलं चेल्सीत शिरली. मुलगी कविता करायची, मुलगा चित्रं आणि कोलाज करायचा. मुलगा तापानं फणफणलेला, खिशात पैसे नाहीत. मुलीनं आपल्या दोघांच्या कामाच्या फायली बार्डपुढे ठेवल्या आणि त्या तारण म्हणून देऊ केल्या. त्यांना हॉटेलातली अगदी लहान खोली मिळाली. मुलगी म्हणजे पुढे गायिका आणि लेखिका म्हणून गाजलेली पॅटी स्मिथ, आणि मुलगा म्हणजे छायाचित्रकार रॉबर्ट मेपलथॉर्प. त्यांची ही हकिकत पॅटी स्मिथनं २०१० साली 'जस्ट किड्स' या पुस्तकात सांगितली, त्या पुस्तकाला अमेरिकेचं राष्ट्रीय पुस्तक पारितोषिक मिळालं, आणि चेल्सीच्या दंतकथेला नवी झळाळी आली.

इथून पंधरा वर्षं पुढे चला. साल १९८४. त्याच मॅनहॅटनमध्ये मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर मॉर्गन्स नावाचं एक नवं हॉटेल उघडलं. मालक इयन श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल, एका प्रसिद्ध नाइट क्लबचे एके काळचे चालक. फ्रेंच सजावटकार आंद्रे प्युतमाँ या बाईंनी आतली सजावट केली. मोठमोठी हॉटेलं म्हणजे सगळं काही मिळणारी डिपार्टमेंट स्टोअर, आणि आमचं हॉटेल म्हणजे निवडक, नखरेदार मालाचं बुटीक, अशी रुबेलनं तुलना केली, आणि 'बुटीक हॉटेल' हा शब्द रूढ झाला असं सांगतात. आज आपल्याकडे पुण्यापासून पणजीपर्यंत कुणीही चार खोल्या रंगवून त्यांना बुटीक म्हणतो, त्याचं मूळ हे. तर त्या मॉर्गन्सच्या खोल्यांमध्ये भिंतींवर काय होतं? रॉबर्ट मेपलथॉर्पची छायाचित्रं. मालकांनी मुद्दाम करवून घेतलेली.

मला वाटतं, आपल्या विषयाची सगळी बिजागरी या दोन वर्षांमध्ये आहे, १९६९ आणि १९८४. पहिल्या वेळी फाइल काउंटरवर ठेवली ती छपरासाठी. चित्र म्हणजे उद्याच्या पैशाची हमी, आणि तीही कुणी फारशी न मानलेली. दुसऱ्या वेळी त्याच हाताचं काम हॉटेलची किंमत वाढवण्यासाठी भिंतीवर चढलं. यात मेपलथॉर्पचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. त्याला पैसे मिळाले, मिळायलाच हवे होते. फक्त दिशा उलटी झाली. आधी हॉटेल चित्रकाराला सांभाळत होतं, आता चित्रकार हॉटेलाला सांभाळू लागला. पुढे जगभर जी कलेच्या नावानं चालणारी हॉटेलं निघाली, ती या दुसऱ्या वाटेनं.

जुन्या चेल्सीचं कौतुक करताना एक पथ्य पाळलं पाहिजे. भरल्या पोटानं कलावंतांच्या दारिद्र्याचे गोडवे गाणं फार सोपं असतं. बार्डच्या राज्यात नळ गळत होते, झुरळं होती, मादक द्रव्यांनी किती माणसं त्या खोल्यांत संपली. ऑक्टोबर १९७८ मध्ये नॅन्सी स्पंजन नावाची वीस वर्षांची मुलगी तिथल्या एका न्हाणीघरात भोसकलेल्या अवस्थेत मरून पडलेली सापडली. तिचा मित्र, सिड व्हिशस हा गायक-वादक, आरोपी ठरला आणि खटला उभा राहण्याआधीच मादक द्रव्यानं मेला. या घटनेवर सिनेमे निघाले, बनियन छापले गेले. वीस वर्षांच्या मुलीचा मृत्यू हा हॉटेलच्या 'वातावरणाचा' भाग कसा होतो, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी तिथे असताना तरुण पाहुण्यांचा एक घोळका ती खोली कुठे होती हे शोधत होता. मी वाट बदलली.

२००७ मध्ये भागीदारांच्या वादात बार्ड बाजूला झाला. २०११ साली हॉटेल सुमारे आठ कोटी डॉलरला विकलं गेलं, नव्या पाहुण्यांना दार बंद झालं आणि दुरुस्तीची कामं निघाली. त्याच वर्षी भिंतींवरची चित्रं उतरवली गेली. आणि चित्रं उतरताच तो प्रश्न पुढे आला, जो इतकी वर्षं कुणी विचारलाच नव्हता: ही चित्रं कुणाची? भाड्यापोटी दिलेली, भेट दिलेली, की नुसती लावायला म्हणून दिलेली? ज्या व्यवहाराचं आपण इतकं कौतुक केलं त्याची नीटशी नोंद नव्हती. बार्डची दिलदारी खरी, पण ती तोंडी होती, आणि तोंडी दिलदारी माणूस खुर्चीत असेपर्यंतच चालते.

मालकी पुन्हा बदलली, खर्च वाढत गेला, कामं बंद पडत आणि सुरू होत राहिली, कोर्टकज्जे झाले. या सगळ्या काळात काही जुने भाडेकरू मात्र आतच होते. न्यूयॉर्कच्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे त्यांना सहजासहजी काढता येत नव्हतं. मुंबईच्या जुन्या चाळीत राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. धूळ, प्लास्टिकचे पडदे, बंद लिफ्ट, ठोकाठोक, अशात दहा-अकरा वर्षं काढलेल्या या म्हाताऱ्या माणसांवर 'ड्रीमिंग वॉल्स' नावाचा माहितीपट निघाला आहे. २०२२ साली हॉटेल पाहुण्यांसाठी पुन्हा उघडलं, एक देखणं, महागडं बुटीक हॉटेल म्हणून. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये एका इमारतीत दोन प्रकारची माणसं राहत होती: वर्षानुवर्षांचं भाडं देणारी आणि एका रात्रीचं देणारी.

मधल्या काळातली एक हकिकत मला सगळ्यांत जास्त आवडते. दुरुस्तीत खोल्यांची जुनी लाकडी दारं काढून भंगारात टाकली जात होती. हॉटेलात पूर्वी काही वर्षं राहिलेला आणि आता बेघर झालेला एक माणूस आपल्या कुत्र्यासह त्याच भागात रस्त्यावर राहत होता. त्याला ती दारं दिसली. त्यानं मदत मिळवून पन्नासेक दारं वाचवली, आणि मग कुठल्या दारामागे कोण राहत होतं याचा शोध घेत बसला. ग्रंथालयात जाऊन, जुन्या नोंदी चाळून, लोकांना विचारून. एप्रिल २०१८ मध्ये त्या दारांचा लिलाव झाला. एकूण चार लाख डॉलरच्या वर रक्कम आली. गायक बॉब डिलन ज्या खोलीत राहिला होता तिचं एकट्या दाराचं एक लाख डॉलर आले. उत्पन्नातला काही भाग त्यानं शहरातल्या भुकेल्या माणसांना अन्न पुरवणाऱ्या संस्थेला दिला.

विचार करा. डिग्र्या घेतलेले आम्ही लोक शैलींचा इतिहास लिहीत होतो, आणि या इमारतीच्या राहणीचा इतिहास लिहिला तो स्वतःला दार नसलेल्या माणसानं.

माझ्या खोलीचं दार नवंच होतं. खोली सुंदर होती. उंच छत, जाड पडदे, खिडकीतून तेविसावा रस्ता. पलंगाशेजारी एक चित्र होतं, कोपऱ्यात सही होती, ती मला लागली नाही. भाचा मला पोचवून गेला आणि मी पलंगावर बसून त्या चित्राकडे पाहत राहिले. प्रामाणिकपणे सांगते, मला सुख झालं. एवढं सगळं माहीत असूनही झालं. आणि त्या सुखाचं अवघडलेपणही वाटलं. माझ्या नोकरीच्या पहिल्या सबंध वर्षाच्या पगाराहून त्या दोन रात्रींचं भाडं जास्त होतं. खाली काउंटरवर मी त्या चुणचुणीत मुलाला गायतोंड्यांबद्दल विचारलं होतं. त्यानं नाव लिहून घेतलं, स्पेलिंग दोनदा विचारलं, आणि नंतर येऊन नम्रपणे सांगितलं की सापडलं नाही. सापडणार कसं? दाराजवळच्या फलकांवर ते नाव नाही. इकडे २०२१ साली मुंबईच्या एका लिलावात त्यांच्या एका चित्राला जवळजवळ चाळीस कोटी रुपये आले. त्या रकमेत १९६४ च्या चेल्सीत किती खोल्या किती वर्षं मिळाल्या असत्या, याचा हिशेब मी झोप येईपर्यंत करत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लिफ्टमध्ये असताना एक वयस्क बाई आत आल्या. हातात भाजीची कापडी पिशवी, पायांत घरातल्या सपाता. पाहुण्या नव्हेत हे उघड होतं. मी विचारलं, "तुम्ही इथे राहता?" त्या म्हणाल्या, "हो. चाळीस वर्षांच्या वर झाली." चित्रकार. मी कलेचा इतिहास शिकवत होते हे कळल्यावर त्यांनी लिफ्टचं दार हातानं धरून ठेवलं आणि आम्ही मजल्यावर उभ्याउभ्याच बोललो. मी अर्थातच ते विचारलं. भाड्यापोटी चित्रं देत होतात ना तुम्ही सगळे?

त्या हसल्या. "मी दर महिन्याला चेक दिला. कधी उशिरा, पण दिला. चित्र मी असंच दिलं होतं. जिन्याची भिंत रिकामी होती म्हणून."

"मग ते चित्र आता?"

"माझ्या पलंगाखाली."

एवढंच. त्या आपल्या खोलीकडे गेल्या. त्यांच्या दाराबाहेर पायपुसणं होतं आणि भिंतीला टेकून ठेवलेली ओली छत्री. त्या सबंध लांबलचक मार्गिकेत घरासारखं दिसणारं तेवढं एकच दार होतं.

माझ्या विद्यार्थिनीला मी काय सांगणार होते? की कलावंतांना परवडायचं कारण व्यवस्थापक रसिक होता? ते अर्धंच. परवडायचं कारण एका माणसानं वरच्या मजल्यावर उत्तरेच्या खिडक्या काढून ठेवल्या होत्या, कारण वस्ती उतरली आणि भाडी पडली, कारण कायद्यानं काही जणांची जागा राखली. आणि भिंतींवर चित्रं आली ती काही थकबाकीतून, पण काही नुसती शेजारधर्मातून. शेजाऱ्याच्या ओट्यावर आपण रांगोळी काढावी तशी. थकबाकीची कथा हॉटेलाला शोभते, म्हणून ती उरली. दुसरीची नोंद ठेवायला कुणाला सुचलं नाही.

शेवटच्या सकाळी मी लवकर उठून जिन्यात जाऊन बसले. वरच्या काचेतून पांढरट उजेड खाली झिरपत होता. कठड्याच्या लोखंडी फुलांवर पडून पुढच्या मजल्यावर उतरत होता. भिंतींवर चित्रं आहेत, जिन्याच्या वळणावळणानं. माझ्या पिशवीत वही आणि पेन्सिल असते. सवयच आहे. तासभर बसून मी जिन्याचं रेखाटन केलं. हात आता पूर्वीसारखा चालत नाही, एका मजल्याचा कठडा चुकला, तो तसाच ठेवला. मधे एक सफाई कामगार बादली घेऊन वर गेला आणि मला वळसा घालून खाली आला, एक शब्द न बोलता.

दहा वाजता भाच्याचा फोन आला. "मावशी, खाली ये. गाडी लावायला जागा नाही, मी चकरा मारतोय." मग हसत म्हणाला, "बिल भरू का, की चित्र देऊन बघतेस?"

मी वहीतलं ते पान काढलं, मागे तारीख घातली आणि "बेळगावहून" एवढं इंग्रजीत लिहिलं. छत्री वाळलेली होती, तरी तिथेच होती. पान दाराखालून आत सरकवलं आणि जिन्यानंच खाली उतरले. भाच्याची तिसरी चक्कर चालू होती.